रचनेतला दोष आणि दुरुस्तीचं बिल

वॉरंटी संपून सहा महिने झालेले असतात. रनिंग पन्नास हजारही झालेलं नसतं. आणि एके दिवशी सिग्नलला थांबलेली गाडी पुढे गिअरच घेत नाही. टो करून सर्व्हिस सेंटरला नेली की दुसऱ्या दिवशी सर्व्हिस ॲडव्हायझरचा फोन येतो, "सर, गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट गेलंय. एक लाख साठ हजारांचं इस्टिमेट आहे. अप्रूव्ह करता का?" तुम्ही चार ओळखीच्या लोकांकडे विषय काढता, तर कळतं की त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या आणखी दोन गाड्यांचं हेच झालंय. मग मनात येतं, की दोष माझ्या चालवण्यात नाही, गाडीच्या रचनेतच आहे. त्याचं बिल मी का भरायचं?

प्रश्न अगदी रास्त आहे. पण काउंटरवर आवाज चढतो, वर्क्स मॅनेजर हात वर करतो, दोन-तीन आठवडे फोनाफोनीत जातात आणि गाडीवाचून अडायला लागलं की माणूस मुकाट्याने पैसे भरून मोकळा होतो. हे टाळता येतं. मात्र त्यासाठी भांडण कशाचं आहे हे आधी नीट ठरवायला हवं. कंपनीच्या इंजिनिअरांना त्यांचं डिझाइन चुकलंय हे पटवून देणं तुमच्या-माझ्या आवाक्यातलं नाही, आणि दर वेळी त्याची गरजही नसते. आपल्याला दाखवायचं असतं ते इतकंच, की हा भाग एवढ्यात जायला नको होता, तो माझ्या वापरामुळे गेलेला नाही, आणि ही तक्रार कंपनीला नवीन नाही. या तिन्ही गोष्टी कागदावर मांडता येतात. कागद मात्र पहिल्या तक्रारीपासून जमवावे लागतात. वाद पेटल्यावर ते जमत नाहीत.

झीज की दोष?

कंपनीचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं, 'सर, हा वेअर अँड टेअरचा पार्ट आहे.' काही भागांच्या बाबतीत ते खरंही असतं. ब्रेक पॅड, वायपर, टायर, मॅन्युअल गाडीची क्लच प्लेट हे भाग झिजण्यासाठीच असतात. त्यांच्यासाठी कंपनीशी भांडण्यात अर्थ नाही, आणि ग्राहक आयोगापुढे गेलात तर तिथेही टिकणार नाही.

म्हणून गाडीबरोबर आलेलं ओनर्स मॅन्युअल काढा आणि मेंटेनन्सचा तक्ता बघा. किती किलोमीटरला काय बदलायचं ते कंपनीने स्वतःच तिथे छापलेलं असतं. टायमिंग बेल्ट असेल तर तो अमुक किलोमीटरला बदला असं लिहिलेलं सापडतं. टायमिंग चेनसमोर बहुधा बदलण्याचा आकडाच नसतो, म्हणजे चेन इंजिनाच्या आयुष्याबरोबर टिकेल असं कंपनीनेच धरलेलं असतं. तीच चेन पंचावन्न हजारांवर सैल पडून खडखडायला लागली, तर 'वेअर अँड टेअर' हे उत्तर कंपनीच्याच तक्त्याशी जुळत नाही. फ्युएल पंप, स्टिअरिंगची मोटर, गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट यांचंही तसंच. त्या पानाचा फोटो काढून ठेवा. पुढच्या प्रत्येक पत्राला तो जोडायचा आहे.

याचबरोबर वॉरंटीच्या पुस्तिकेतली वगळलेल्या भागांची यादी वाचा. गेलेला भाग त्या यादीत नसेल तर तेही नोंदवा. आणि सर्व्हिसचा इतिहास सलग ओळीने मांडा : तारीख, किलोमीटर, बिल क्रमांक. एखादी सर्व्हिस दोन महिने उशिरा झाली असेल तर ती लपवू नका. कंपनीच्या सिस्टिममध्ये ती दिसतेच.

काहींनी वॉरंटीनंतर बाहेरच्या गॅरेजात ऑइल बदललेलं असतं आणि तेवढ्यावरून त्यांना उडवून लावलं जातं. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने सुट्या भागांच्या मक्तेदारीवरून १४ मोटार कंपन्यांना २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड केला. त्याच आदेशात, केवळ बाहेरच्या गॅरेजात काम केलं एवढ्यावरून वॉरंटी सरसकट रद्द करण्याची अट घालू नका, असंही बजावलं. प्रकरण पुढे अपिलांत गेलं, पण विचारायचा प्रश्न साधा आहे. बाहेर बदललेल्या ऑइलचा आणि या बिघाडाचा संबंध काय, हे कंपनीने लेखी सांगावं.

जॉब कार्डावर काय लिहिलं जातं

माझ्या मते सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे जॉब कार्ड, आणि त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. गाडी आत घेताना ॲडव्हायझर टॅबवर पटापट टाइप करतो. तुम्ही पाच मिनिटं सांगितलेल्या तक्रारीची तिथे एक ओळ होते : 'गिअर चेक करणे.' गाडी परत देताना त्याच्यासमोर लिहिलं जातं, 'चेक केले, ओके.' तुम्ही सही करता. दोन वर्षांनी गिअरबॉक्स जातो तेव्हा कंपनीचा वकील हेच कार्ड पुढे करतो : वॉरंटीच्या काळात गाडीत काहीही दोष आढळला नव्हता.

त्या एका ओळीऐवजी काय हवं होतं? 'इंजिन गरम झाल्यावर, रहदारीत अर्धा तास चालवल्यानंतर, दुसऱ्या गिअरवरून पहिल्यावर येताना झटका बसतो. चढावर गाडी मागे सरकते. दोनदा डॅशबोर्डवर गिअरचा इशारा लागला, व्हिडिओ दाखवला. मागील भेटीतही हीच तक्रार.' बस्स, एवढंच. हे लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. ॲडव्हायझर म्हणाला की सिस्टिममध्ये एवढी जागा नाही, तर कार्डाच्या प्रतीवर स्वतःच्या हाताने लिहा, त्याची सही घ्या, आणि घरी जाऊन तोच मजकूर सर्व्हिस सेंटरच्या व कंपनीच्या ग्राहक सेवेच्या ईमेलवर पाठवा. ईमेलला तारीख असते आणि ती कुणाला बदलता येत नाही.

'नो प्रॉब्लेम फाउंड' असं उत्तर मिळालं, तर टेस्ट ड्राइव्ह तुम्ही बरोबर बसून करायचा आग्रह धरा. सकाळी थंड गाडी मोकळ्या रस्त्यावर फिरवून आणली तर झटका येणारच नाही. पुण्यात संध्याकाळी सहाला किंवा ठाण्यात घोडबंदर रोडवर न्या, मग येईल. स्कॅनर लावल्यावर निघालेले फॉल्ट कोड प्रिंट करून मागा. कोड पुसण्याआधी मागा, कारण एकदा पुसले की तुमच्या हातात काही राहत नाही.

तक्रार वॉरंटीच्या काळात नोंदली गेली असेल आणि तीच तक्रार वाढत जाऊन वॉरंटीनंतर भाग निकामी झाला असेल, तर तुमची बाजू खूपच भक्कम होते. दोष आधीपासून होता, कंपनीला तो सांगितला होता, तिने तो दुरुस्त केला नाही, असा सरळ धागा तयार होतो. वॉरंटी संपायला महिना उरला असेल आणि गाडीत काही किरकोळ वाटणारं जाणवत असेल, तर आजच नोंदवा.

जुना भाग सोडू नका

इंजिन किंवा गिअरबॉक्स उघडायच्या आधी लिहून द्या की, 'माझ्या उपस्थितीत उघडावे, फोटो व व्हिडिओ काढू द्यावेत.' पैसे तुम्ही भरणार असाल तर काढलेला भाग तुमचा आहे, तो मागून घ्या. वॉरंटीत किंवा गुडविलमध्ये, म्हणजे वॉरंटीबाहेर कंपनीने सौजन्य म्हणून, बदललेला भाग कंपनी परत घेते. तेव्हा निदान त्याच्या लेबलाचा, पार्ट नंबरचा आणि मोडलेल्या जागेचा स्वच्छ फोटो काढा. नव्या भागाच्या खोक्यावरचा नंबरही टिपून घ्या. जुन्या आणि नव्या नंबरात शेवटचं अक्षर बदललेलं दिसलं, तर भागात मध्यंतरी काहीतरी सुधारणा झाली आहे असं समजायला जागा असते. ती का केली, हा मग तुमचा लेखी प्रश्न.

एवढ्याशा गोष्टीने काय होतं, असं वाटत असेल तर अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचं प्रकरण आठवा. शेव्हरोले कोबाल्टसारख्या गाड्यांत चावीला जरासा धक्का लागला किंवा जड की-चेनचा भार आला, की स्विच 'रन'वरून सरकायचा, इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅगही उघडत नसत. एका मृत्यूच्या खटल्यात ग्राहकाच्या बाजूने तपासणी करणाऱ्या इंजिनिअरने अपघातग्रस्त गाडीचा स्विच आणि दुकानातून आणलेला नवा स्विच टेबलावर शेजारी शेजारी उघडून ठेवले. आतली इवलीशी धातूची दांडी नव्या स्विचमध्ये अधिक लांब होती आणि तिच्यामागची स्प्रिंग अधिक दाबलेली होती. पार्ट नंबर मात्र दोन्हींचा एकच. म्हणजे भाग गुपचूप सुधारला गेला होता आणि नंबर बदलला नव्हता. २०१४ मध्ये रिकॉल सुरू झाला आणि पुढे या दोषाशी जोडलेले १२४ मृत्यू कंपनीच्या नुकसानभरपाई योजनेत मान्य झाले. वर्षानुवर्षं दडलेली गोष्ट उजेडात आणायला जुना स्विच जपून ठेवलेला असणं कामी आलं.

कंपनीला काय विचारायचं

डीलरशी बोलणं एका टप्प्यानंतर थांबवा. डीलरच्या हातात फारसं नसतं. गुडविल मंजूर करण्याचा अधिकार कंपनीच्या एरिया किंवा रीजनल सर्व्हिस मॅनेजरकडे असतो. कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल, प्रत डीलरला, आणि तेच पत्र नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने, असं करा. पत्र रागाचं नको, प्रश्नांचं हवं. उदाहरणार्थ :

'माझ्या गाडीचा चेसिस नंबर अमुक. खरेदी अमुक तारखेस. अमुक किलोमीटरवर अमुक भाग निकामी झाला. याच तक्रारीची नोंद अमुक व अमुक तारखेच्या जॉब कार्डांवर आहे. कृपया पुढील बाबी लेखी कळवाव्यात : हा भाग निकामी होण्याचे तांत्रिक कारण काय, या चेसिस नंबरसाठी किंवा या काळात तयार झालेल्या गाड्यांसाठी या भागाबाबत कोणताही रिकॉल, सर्व्हिस कॅम्पेन किंवा तांत्रिक सूचना निघाली आहे काय, या भागाच्या पार्ट नंबरात माझ्या गाडीच्या उत्पादनानंतर बदल झाला आहे काय, असल्यास का, आणि माझ्या वापरामुळे बिघाड झाला असे आपले म्हणणे असल्यास त्याचा आधार काय. पंधरा दिवसांत उत्तर अपेक्षित आहे.'

या पत्राला उडवाउडवीचं उत्तर आलं तरी ते उपयोगाचं असतं. सरळ विचारलेल्या प्रश्नाला कंपनीने उत्तर दिलं नाही, हे पुढे आयोगाला दाखवता येतं. 'इंधनात भेसळ होती' असं म्हटलं तर प्रयोगशाळेचा अहवाल मागा, आणि टाकीतल्या इंधनाचा सीलबंद नमुना दोघांच्या सह्यांनिशी घ्या. 'पाणी शिरलं होतं' म्हटलं तर पाण्याच्या खुणांचे फोटो मागा. कधी कधी विमा कंपनी म्हणते हा यांत्रिक बिघाड आहे, विम्यात बसत नाही. आणि मोटार कंपनी म्हणते हे बाहेरून झालेलं नुकसान आहे, वॉरंटीत बसत नाही. सर्व्हेअरचा अहवाल मागून घ्या आणि दोन्ही पत्रं एकत्र जोडा.

'तुमची ड्रायव्हिंग स्टाइलच तशी आहे' हे उत्तर मला विशेष खटकतं, कारण त्याने माणूस स्वतःवरच शंका घ्यायला लागतो. ऑस्ट्रेलियात फोर्डच्या फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्ट गाड्यांतल्या पॉवरशिफ्ट गिअरबॉक्सबद्दल ग्राहक थरथर आणि झटक्यांची तक्रार करत होते. दोष माहीत असूनही कंपनीने काही ग्राहकांना तुमच्या चालवण्यामुळे असं होतं असं सांगितलं. तिथल्या फेडरल कोर्टाने एप्रिल २०१८ मध्ये तक्रारी हाताळण्यातल्या या वागणुकीसाठी फोर्डला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. दंड गिअरबॉक्सच्या रचनेबद्दल नव्हता, ग्राहकांना दिलेल्या वागणुकीबद्दल होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आपल्या गाडीतला भाग परदेशातल्या गाड्यांतही असेल, तर तिथे काय झालं ते शोधा. फोक्सवॅगनच्या सात-गिअरी डीएसजी गिअरबॉक्सबद्दल चीनमध्ये ओरड झाली. कंपनीने आधी त्याची वॉरंटी दहा वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत वाढवली, आणि मार्च २०१३ मध्ये सरकारी वाहिनीवर विषय गाजल्यावर ३,८४,१८१ गाड्या परत बोलावल्या. मात्र एक सावधगिरी बाळगा. परदेशातला रिकॉल म्हणजे तुमच्या गाडीतला दोष सिद्ध झाला असं होत नाही. तोच भाग, तोच नंबर, तीच लक्षणं हे तुम्हाला जुळवून दाखवावं लागेल.

रिकॉल आणि सरकारी दारं

आपल्याकडे वाहन उत्पादकांची संघटना सियामची ऐच्छिक रिकॉलची आचारसंहिता २०१२ पासून आहे, आणि सियामच्या संकेतस्थळावर रिकॉलची माहिती मिळते. ऐच्छिक असले तरी रिकॉल मोठे असतात. मारुती सुझुकीने सप्टेंबर २०२१ मध्ये सियाझ, अर्टिगा, ब्रेझा वगैरे १,८१,७५४ पेट्रोल गाड्या मोटर जनरेटर युनिट तपासण्यासाठी बोलावल्या होत्या. रिकॉलमधलं काम मोफत होतं. रिकॉल निघण्याआधी तुम्ही त्याच भागासाठी पैसे भरले असतील, तर ते बिल जोडून परतावा मागा.

सक्तीच्या रिकॉलची तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ म्हणून आली आणि नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांना ते लागू आहेत. गाडी किती खपली आणि किती मालकांनी तक्रार केली यावर पुढची चौकशी अवलंबून असते. म्हणून वाहन पोर्टलवर तक्रार नोंदवायचा कंटाळा करू नका, आणि त्याच मॉडेलच्या इतर मालकांनाही नोंदवायला सांगा. मात्र दोष सुरक्षिततेशी किंवा पर्यावरणाशी निगडित असायला हवा. एसीचा कॉम्प्रेसर लवकर जातो ही तक्रार तिथे बसणार नाही. चालत्या गाडीत गिअर सुटतो, ही बसते.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक यातलं सर्वांत सोपं दार. ती कंपनीवर आदेश काढू शकत नाही, पण अनेक कंपन्यांनी तिथे आपले प्रतिनिधी नेमलेले आहेत आणि ईमेलला न हलणारी फाइल तिथून कधी कधी हलते.

गाडी अडकून पडली असेल तर

कंपनीचं उत्तर येईपर्यंत गाडी वर्कशॉपमध्ये उभी, आणि डीलर रोजचं पार्किंग लावायच्या गोष्टी करतो. आई-वडिलांना दवाखान्यात न्यायचं असतं, कामावर जायचं असतं. अशा वेळी तत्त्वासाठी सहा महिने गाडी सोडून देणं प्रत्येकाला परवडत नाही, आणि तसं करायची गरजही नाही. दुरुस्ती करून घ्या, पण पैसे भरण्याआधी ईमेल पाठवा : 'गाडीची तातडीची गरज असल्याने ही रक्कम मी हरकत नोंदवून भरत आहे. बिघाड उत्पादनातील दोषामुळे झाल्याचे माझे म्हणणे कायम असून रक्कम परत मागण्याचा हक्क राखून ठेवत आहे.' बिलाच्या डीलरकडच्या प्रतीवरही 'हरकतीसह' लिहून सही करा. रोख देऊ नका. समाधान झाल्याचा फॉर्म पुढे केला तर त्यावर सही करू नका. पण दुरुस्तीआधी जुन्या भागाची तपासणी आणि फोटो झालेले हवेत, कारण गाडी दुरुस्त झाली की पुरावाही गेला.

बहुतेक प्रकरणं याच टप्प्यावर तडजोडीने मिटतात. कंपनी म्हणते, पार्टच्या किमतीत ५० टक्के आम्ही, उरलेलं आणि लेबर तुम्ही. हा पहिला आकडा असतो, शेवटचा नव्हे. माझा सल्ला असा, की भाग किती चालायला हवा होता आणि किती चालला या हिशेबावर बोला. दीड लाख किलोमीटर टिकायला हवा तो भाग पन्नास हजारांवर गेला असेल, तर तुम्ही एक तृतीयांश भार उचलणं न्याय्य ठरेल, अर्धा नव्हे. तक्रार वॉरंटीत नोंदवलेली असेल तर शून्य.

ग्राहक आयोगाकडे जाताना

तडजोड झाली नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हाताशी आहे. गाडीसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. तुम्ही राहता किंवा नोकरी-व्यवसाय करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय चेन्नईला असो की गुरुग्रामला. पाच लाखांपर्यंतच्या किमतीला शुल्क नाही, दहा लाखांपर्यंत २०० रुपये, वीस लाखांपर्यंत ४०० आणि पन्नास लाखांपर्यंत १,००० रुपये. वकील सक्तीचा नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मुंबई ग्राहक पंचायत आणि अखिल भारतीय ग्राहक पंचायत या आपल्याकडच्या जुन्या संस्था. कागद दाखल करण्याआधी कार्यकर्त्यांच्या नजरेखालून घालता आले तर जरूर घाला.

मुदत दोन वर्षांची आहे आणि ती वादाचं कारण घडल्यापासून मोजली जाते. कंपनीशी चाललेल्या पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. 'आम्ही बघतो आहोत' या उत्तरांवर दीड वर्ष घालवून हक्क गमावू नका.

तक्रारीची मांडणी मात्र जपून करा, कारण एक खाचखळगा सहसा कुणी सांगत नाही. २०१९ च्या कायद्यात 'उत्पादन दायित्व' हे नवं प्रकरण आलं आणि कलम ८४ मध्ये रचनेतल्या दोषासाठी उत्पादक जबाबदार धरला गेला. हे वाचून माणसाला वाटतं, हेच तर हवं होतं. पण हे दायित्व 'हानी'साठी आहे, आणि हानीच्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूचं झालेलं नुकसान वगळलेलं आहे. स्टिअरिंग अडकून अपघात झाला, कुणी जखमी झालं, तर उत्पादन दायित्व. नुसतं स्टिअरिंग बिघडलं आणि त्याचं बिल आलं, तर नाही. म्हणून दुरुस्तीच्या खर्चासाठीची तक्रार 'वस्तूतील दोष' आणि 'सेवेतील त्रुटी' या पायावर उभी करा. दोष लपवून गाडी विकत राहिल्याचा पुरावा असेल तर 'अनुचित व्यापारी प्रथा'ही जोडा.

डीलर आणि उत्पादक दोघांनाही प्रतिवादी करा, आणि कुणाची चूक कोणती ते वेगवेगळं लिहा. गोव्यातल्या एका ग्राहकाला डीलरने २०११ ऐवजी २००९ चं मॉडेल दिलं होतं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा २०२१ मध्ये न्यायालयाने टाटा मोटर्सला मुक्त केलं, कारण डीलरच्या त्या कृत्याची कंपनीला माहिती होती असं दाखवलं गेलं नव्हतं. रचनेचा दोष उत्पादकाचा, चुकीची दुरुस्ती डीलरची. दोन्ही एका वाक्यात कालवू नका.

मागणी माफक ठेवा. २००६ च्या मारुतीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की, वॉरंटी सदोष भाग बदलून देण्याची असेल तर पूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य ठरत नाही. तेव्हा दुरुस्तीचा खर्च, त्यावर व्याज, पर्यायी प्रवासाचा पावत्यांसह खर्च, मनस्ताप आणि दाव्याचा खर्च, एवढं मागा. गाडी तुमच्या स्वतःच्या कंपनीच्या नावावर असली तरी लगेच निराश होऊ नका. संचालकाच्या वैयक्तिक वापरासाठी घेतलेली गाडी व्यावसायिक हेतूची ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका मर्सिडीज गाडीच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

तज्ज्ञाचा अहवाल हा या तक्रारींचा कणा. दोष सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदारावर असते आणि अहवाल नसल्यामुळे चांगल्या तक्रारीही फेटाळल्या जातात. अभियांत्रिकी महाविद्यालयातले ऑटोमोबाइल किंवा मेकॅनिकलचे प्राध्यापक, चार्टर्ड इंजिनिअर, परवानाधारक सर्व्हेअर यांच्याकडून तपासणी करून घ्या. तपासणीची तारीख कंपनीला आधी कळवा, म्हणजे ती एकतर्फी झाली असं म्हणता येणार नाही. कलम ३८ नुसार आयोग स्वतःही भाग प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तसा अर्ज सुरुवातीलाच द्या. पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय आणि भोसरीला सीआयआरटी या वाहनक्षेत्रातल्या देशपातळीवरच्या संस्था आहेत, अर्जात त्यांचं नाव सुचवता येतं. चाचणीचा खर्च तुम्हाला आधी भरावा लागू शकतो.

दोष उघडउघड दिसत असेल तर न्यायालय तज्ज्ञावाचूनही निष्कर्ष काढतं. ह्युंदाई क्रेटाच्या समोरून झालेल्या अपघातात एअरबॅग उघडल्या नाहीत, तेव्हा धडकेचा जोर पुरेसा नव्हता असा कंपनीचा बचाव होता. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, वेग आणि बलाचे सिद्धांत लावून धडकेचं गणित मांडणारा भौतिकशास्त्रज्ञ ग्राहकाने असावं ही अपेक्षाच चूक आहे, आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम केला. पण एअरबॅग न उघडणं सगळ्यांना दिसतं. गिअरबॉक्सच्या आत काय झालं ते दिसत नाही. तिथे अहवाल हवाच.

त्याच दोषाने त्रासलेले मालक सापडले तर त्यांची जॉब कार्डं आणि प्रतिज्ञापत्रं जोडा. कलम ३५ खाली आयोगाच्या परवानगीने समान हित असलेल्या ग्राहकांच्या वतीने एकत्र तक्रारही करता येते. व्हॉट्सॲपचे संवाद आणि व्हिडिओ देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत द्या.

कायद्याने निकाल तीन महिन्यांत, चाचणी लागली तर पाच महिन्यांत लागावा असं म्हटलंय. प्रत्यक्षात बराच अधिक वेळ जातो, तेवढी मनाची तयारी ठेवा. मधेच आयोग मध्यस्थीला पाठवू शकतो आणि तिथे कंपन्या अनेकदा हात सैल सोडतात. समझोत्याचा मसुदा आला की तो घरी नेऊन वाचा. त्यात बसवलेल्या नव्या भागावर किती महिन्यांची आणि किती किलोमीटरची वॉरंटी आहे ते लिहून घ्या, रक्कम कोणत्या तारखेपर्यंत खात्यात जमा होणार ते लिहून घ्या, आणि 'या गाडीबाबत यापुढे कोणतीही तक्रार करणार नाही' असं सरसकट वाक्य असेल तर ते 'या बिघाडाबाबत' असं करून मगच सही करा.